बोटीवरची बाळं

पावसाळ्यात मालवणचा समुद्र बंद असतो. आज तो मासेमारीपुरता बंद असतो. शंभर वर्षांपूर्वी तो माणसांच्या ये-जा करण्यालाही बंद असायचा. मृगाच्या तोंडावर शेवटची आगबोट मुंबईकडे गेली की देवगड, मालवण, वेंगुर्ला या बंदरांचा सरळ रस्ता मिटायचा. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावर तो पुन्हा उघडण्याची वाट बघायची. मधल्या दिवसांत कुणाला जायचंच असेल तर घाट चढून कोल्हापूर नाहीतर बेळगाव गाठायचं आणि तिथून रेल्वे धरायची. गिरणीत खाडा पडला की पगार कापला जाई, त्यामुळे मुलाबाळांना घेऊन त्या वाटेला फारसं कुणी लागत नसे.

१९१८ च्या जूनमध्ये मुंबईत ताप आला तेव्हा हा रस्ता मिटलेला होता. १० जूनला गोदीवर पहारा करणाऱ्या सात पोलीस शिपायांना इस्पितळात न्यावं लागलं. पाठोपाठ बोट कंपन्यांच्या कचेऱ्या, टांकसाळ, तार ऑफिस आणि गिरण्या. मे महिन्याच्या अखेरीस मुंबईला लागलेल्या लष्करी जहाजाबरोबर ही साथ आली, असं शहराचे आरोग्याधिकारी टर्नर यांचं म्हणणं होतं. सरकारला ते मान्य नव्हतं. जहाजावरच्या माणसांनाच ताप शहरात लागला, असं सरकार म्हणत होतं. हा वाद चालू असतानाच जुलैत ताप ओसरला आणि लोक कामाला लागले.

सप्टेंबरमध्ये तो परत आला आणि या वेळी त्याने माणसं मारली. त्या वर्षी गणेश चतुर्थी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होती. मुंबईच्या गिरण्यांत सगळ्यात जास्त माणसं पाठवणारा जिल्हा रत्नागिरी, आणि आजच्या सिंधुदुर्गातले मालवण, देवगड, वेंगुर्ला तेव्हा त्याच जिल्ह्यात. (सावंतवाडीचं संस्थान वेगळं. सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला.) कोकणातला चाकरमानी वर्षातून एकदा गावी जाणार तो गणपतीला नाहीतर शिमग्याला. भाऊच्या धक्क्यावरून निघालेल्या आगबोटीच्या डेकवर ट्रंका, वळकट्या, बायका आणि मुलं यांची अशी दाटी असे की पाय पसरायलाही जागा मिळत नसे. सगळा प्रवास असाच शेजारी शेजारी बसून काढायचा. बोट बंदरात उभी राहिली की पडाव येई, त्यात खचाखच बसून किनाऱ्याला यायचं, आणि तिथून चालत आपापल्या वाडीवर. खोकल्यातून पसरणाऱ्या आजाराला मुंबईच्या चाळीतून थेट परसदारापर्यंत नेणारी ही वाट होती.

मुंबई शहरात साथीचा कळस झाला तो ६ ऑक्टोबरला, नवरात्राच्या सुरुवातीला. त्या एका दिवसात ७६८ माणसं गेली. मुंबई इलाख्यात साथ संपेपर्यंत दहा लाखांवर माणसं दगावली. सबंध हिंदुस्थानात १९२१ च्या जनगणनेने सव्वा कोटीच्या आसपास आकडा धरला. पुढच्या अभ्यासकांनी तो पावणेदोन कोटींपर्यंत नेला. आजच्या भारताच्या हद्दीत १९११ ला २५ कोटी २० लाख लोक होते, १९२१ ला २५ कोटी १३ लाख. देशाची लोकसंख्या घटलेली दाखवणारी ही एकमेव जनगणना.

पण मला या साथीतला सगळ्यात बोलका आकडा वेगळाच वाटतो. मुंबईत साथीने दर हजारी किती माणसं गेली याची जातवार नोंद झाली. युरोपियन ८.३, पारशी ९, सवर्ण हिंदू १८.९, आणि ज्यांना तेव्हाच्या कागदपत्रांत ‘खालच्या जातींचे हिंदू’ म्हटलं आहे ते ६१.६. विषाणू एकच, शहर एकच, महिने तेच. युरोपियनांच्या सातपट मरण एका वस्तीत आलं, कारण तिथे दहा माणसं एका खोलीत होती, त्या वर्षी पाऊस हुकल्याने धान्य महागलं होतं आणि आजारी माणसाला पाणी द्यायला घरात उठू शकणारं कुणी नव्हतं.

या साथीत विशी-तिशीतली माणसं जास्त गेली, हे जगभर दिसलं. आपल्याकडे त्यातही बायका जास्त गेल्या. आजाऱ्याची उशापायथ्याशी बसून सेवा त्यांनी करायची, आणि अन्नाची वेळ आली की शेवटी खायचं. गरोदर बाई तापली तर तिची आशा कमीच. १९१९ मध्ये देशातले जन्म नेहमीपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी घटले. जी तान्ही बाळं ताप सोसून जगली त्यांच्यातल्या कितीकांना दूध पाजणारी आईच उरली नाही, आणि वैरणीवाचून गुरं आटल्यामुळे वरचं दूधही मिळेना. इतिहासाची पुस्तकं ‘तरुणांना मारणारी साथ’ म्हणून तिची ओळख करून देतात. तान्ह्यांना तिने दोनदा गाठलं, एकदा स्वतः आणि एकदा आईला नेऊन.

किनाऱ्यावर डॉक्टर असे किती होते? वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. रॉबर्ट गोहीन काम करत. साथीनंतरच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९१९ ला, वेंगुर्ल्यातच त्यांना मुलगा झाला. तो वाचला, शिकला, प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचा राजदूत म्हणून दिल्लीत आला. डॉक्टरच्या घरात जन्मलेल्या बाळाला मिळालेली ती संधी. बाकी वाड्यांवर अडुळशाचा रस, ओव्याची शेकलेली पुरचुंडी, तेल लावून गरम केलेलं विड्याचं पान छातीवर, आणि रवळनाथाला गाऱ्हाणं. ‘बाळाचां पोट उडता’ म्हटलं की म्हातारीला कळायचं काय झालंय ते. श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग खोल जातो आणि पोट वर येतं. कुणी त्याला ‘डबा’ म्हणे, कुणी ‘धाप’. निदान चुकत नव्हतं. हातात औषध नव्हतं.

साथ गेली, बोटी पुन्हा वेळेवर सुटू लागल्या, आणि १९२१ चं साल आलं. त्या वर्षी मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६७ बालकं वर्षाच्या आत मेली, असा आकडा निघाला. कुठल्याही काळात, कुठल्याही शहरात हा आकडा ऐकणाऱ्याचा विश्वास बसू नये असाच आहे. त्यातली फोड आणखी भयंकर होती. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हजारी ८२८, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१, चार किंवा जास्त खोल्यांत १३३. आणि मुंबईच्या कामगारांपैकी ९७ टक्के कुटुंबं एका खोलीत राहत होती.

इथे कोकणचा समुद्र पुन्हा मध्ये येतो. ८२८ हा आकडा जसाच्या तसा खरा नाही, हे त्या काळच्या जाणकारांनाही माहीत होतं. दिवस भरत आले की कोकणची बाई बोटीत बसून माहेरी जायची. बाळाचा जन्म गावच्या दप्तरात लागायचा, मुंबईच्या नाही. काही महिन्यांनी बाळ पदरात घेऊन ती परत यायची, आणि बाळ चाळीत गेलं तर मृत्यू मात्र मुंबईच्या खात्यावर. म्हणजे भागाकारात वरचा आकडा फुगलेला आणि खालचा आकसलेला. हिशेब दुरुस्त करायचा तर दर खाली येतो, यात शंका नाही.

पण हिशेबाची ही चूक मला त्या काळाची सगळ्यात खरी साक्ष वाटते. ती सांगते की बाळं गावात जन्मत होती, काही महिने तिथे जगत होती, आणि शहरात येऊन मरत होती. त्या बायकांना विषाणू ठाऊक नव्हता. पण बाळंतपण चाळीत नको, मोकळ्या पडवीत, आईच्या हाताखाली व्हावं, एवढं त्यांना पक्कं कळत होतं आणि त्यासाठी त्या बोटीचं भाडं मोडत होत्या. मग परत का यायच्या? गिरणीतली जागा जायची भीती. वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत बायका कामाला असत, त्यांच्यावर नायकीण असे, आणि रजेवर गेलेल्या बाईच्या जागी दुसरी उभी करायला नायकिणीला एक दिवस पुरत असे.

परत आल्यावर बाळाचं काय करायचं, याचं उत्तर एका छोट्या गोळीत होतं. बाजारात तिला बाळागोळी म्हणत. मोहरीपेक्षा थोडी मोठी, काळपट, अफू घातलेली. सकाळच्या भोंग्याआधी आई ती अंगावरच्या दुधात उगाळून बाळाच्या जिभेला लावी. बाळ दिवसभर झोपे, रडत नसे, भूक मागत नसे. मुंबई सरकारने गिरणीतल्या बायकांची पाहणी करण्यासाठी डॉ. बार्न्स या डॉक्टरबाई नेमल्या होत्या. गिरणी कामगार बायकांच्या १०० पैकी ९८ बाळांना अफू दिली जाते, असं त्यांनी १९२२ च्या सुमारास लिहून ठेवलं. अफू भूक मारते, खोकला दाबते आणि श्वास मंद करते. छातीत कफ भरलेल्या बाळाला वाचवणारी एकच गोष्ट त्याच्या हाती असते, ती म्हणजे खोकून कफ बाहेर काढणं. गोळी तीच काढून घेत होती. आयांना दोष द्यायला मी धजावत नाही. दहा तास साच्यांच्या घरघराटात उभं राहणाऱ्या बाईला घरी सांभाळणारं कुणी नसेल तर तिने काय करायचं होतं?

तान्ह्या बाळाची छाती इतकी नाजूक का असते, ते एका साध्या हिशेबात कळतं. नळी अर्ध्याने अरुंद झाली की तिच्यातून हवा ओढायला दुप्पट नव्हे, सोळापट जोर लागतो. मोठ्या माणसाच्या श्वासनलिकेच्या बारीक फांद्यांना थोडी सूज आली तर त्याला सर्दी-खोकला होतो. तीन महिन्यांच्या बाळाच्या त्याच फांद्या आधीच सुतासारख्या बारीक; तेवढीच सूज आली की त्या बंद होतात. मग बाळ मिनिटाला साठ-सत्तर वेळा श्वास घेतं, दूध ओढायला त्याला उसंत मिळत नाही, आणि भुकेने आणखी थकतं. चाळीत चुलीचा धूर खोलीतच कोंडलेला, त्याच खोलीत दोन-तीन खोकणारी माणसं, आणि बाहेर आठ-आठ दिवस न थांबणारा पाऊस. मुंबईच्या मृत्यूंच्या नोंदीत श्वसनाचे रोग सतत सगळ्यांत वर असत.

हे फक्त अडाणी घरांत होत होतं असं कुणाला वाटत असेल तर त्याने परळच्या बी. आय. टी. चाळीत जावं. कोलंबिया आणि लंडनहून शिकून आलेले, मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याच्या घराण्यातले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर तिथे दोन खोल्यांत राहत होते. त्यांच्या पत्नी रमाबाई दापोलीजवळच्या वणंदच्या. या दोघांची चार मुलं लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न, सगळ्यांचा लाडका, १९२६ च्या जुलैत न्यूमोनियाने गेला. भर पावसाळ्यातला महिना. मोठमोठी पुस्तकं असलेल्या त्या खोल्यांतही त्या आजाराला अडवणारं औषध नव्हतं. सल्फाची औषधं दहा वर्षं पुढे होती आणि पेनिसिलीन त्याहून पुढे.

दोन वर्षांनी, १९२८ च्या जुलै महिन्यात, मुंबई कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा देण्याचं विधेयक चर्चेला आलं. ते मांडणारे आसवले. त्याआधी ना. म. जोशी यांनी दिल्लीच्या कायदेमंडळात असाच प्रयत्न केला होता आणि तो फेटाळला गेला होता. एकट्या गिरणीवाल्यांवर हा बोजा का, हा विरोधकांचा मुख्य आक्षेप. आंबेडकर विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा हे खरं, पण ज्याला त्या बाईच्या कष्टाचा फायदा होतो त्या मालकाने त्यातून पूर्ण सुटावं हे बरोबर नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. भाषणात त्यांनी स्वतःच्या घरातलं काही काढलं नाही. १९२९ मध्ये कायदा झाला. हिंदुस्थानातला असा पहिलाच. आधीचे तीन आणि नंतरचे चार, मिळून सात आठवडे, दिवसाला आठ आणे.

सात आठवडे काही फार नाहीत. पण श्वसनाच्या आजाराने दगावण्याचा सगळ्यात मोठा धोका असतो तो पहिल्या काही महिन्यांतच. त्यातले चार आठवडे तरी बाळ आईच्या कुशीत, अंगावर पीत आणि अफूवाचून राहणार होतं.

या छात्यांत नेमकं काय शिरत होतं, हे कळायला आणखी वेळ लागला. १९१८ मध्ये परळच्या सरकारी प्रयोगशाळेत, जिला १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात, शोध चालला होता तो फायफरच्या जिवाणूचा. इन्फ्लुएंझा त्याच्यामुळे होतो असं तेव्हा जगभर मानलं जाई. खरा गुन्हेगार विषाणू आहे हे १९३३ मध्ये लंडनला स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यावर प्रयोग करून दाखवलं. तान्ह्या बाळांना सगळ्यात जास्त धाप लावणारा विषाणू तर आणखी उशिरा सापडला. १९५६ मध्ये अमेरिकेत प्रयोगशाळेतल्या चिंपांझींना सर्दी झाली, त्यांच्या नाकातून तो मिळाला. पुढच्याच वर्षी रॉबर्ट चॅनॉक यांना तोच बाल्टिमोरच्या आजारी बाळांत दिसला. त्याला आता आरएसव्ही म्हणतात. उत्तर भारतात तो थंडीत येतो. आपल्याकडे, महाराष्ट्रात, पावसाळ्याच्या दुसऱ्या अर्ध्यात. म्हणजे नेमका समुद्र उघडून बोटी सुरू होण्याच्या आणि चाकरमान्यांच्या गर्दीच्या दिवसांत. त्याची लस करण्याचा पहिला प्रयत्न १९६६ मध्ये झाला आणि त्याचा उलटा परिणाम झाला: लस दिलेल्या बाळांना आजार जास्त जोराने झाला, दोन बाळं गेली. त्या धक्क्याने पुढची काही दशकं हे काम मागे पडलं. १९१८ च्या जपून ठेवलेल्या फुप्फुसांच्या तुकड्यांतून पुढे हेही कळलं की बहुतेक मृत्यू विषाणूने वाट मोकळी केल्यावर मागून आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले होते.

शेवटची ही गोष्ट साधी वाटते, पण गडचिरोलीत तिच्यावर मुलं वाचली. १९८८ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १०० वर गावांत एक प्रयोग सुरू केला. विषाणू कोणता हे शोधायला प्रयोगशाळा हवी. पण बाळाचा श्वास मोजायला नको. ज्या दायांना साठपर्यंत आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी त्यांनी एक साधन बनवलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, तिथल्या तिथे को-ट्रायमोक्साझोल सुरू. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला साठ श्वास, त्यावरच्याला पन्नास. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. गावच्या माणसांनी उपचार केलेल्या ६१२ न्यूमोनियांत दर शंभरी एकाहून कमी मूल गेलं. ज्या गावांत हे काम नव्हतं तिथे तेरा ते चौदा. पाच वर्षांच्या आतल्या मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू त्या गावांत हजारी १७.५ होते, प्रयोगाच्या गावांत ८.१.

बरगड्यांखाली पोट उडतंय हे ओळखणारी म्हातारी मालवणच्या वाडीत १९१८ लाही होती. गडचिरोलीच्या दाईला तिच्याहून जास्त मिळालं ते इतकंच: मणी, आणि पिशवीत औषधाची बाटली. आज सिंधुदुर्गात बाळंतिणीच्या घरी आशाताई ठरलेल्या दिवशी येतात, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. या भेटींचं मूळही गडचिरोलीतल्या कामातच आहे. न्यूमोकॉकस या जिवाणूची लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे. आणि २०२३ मध्ये आरएसव्हीवर गरोदरपणीच आईला टोचायची लस अमेरिका-युरोपात मंजूर झाली: आईच्या रक्तातलं संरक्षण नाळेवाटे बाळात जातं आणि पहिले काही महिने पुरतं. नेमके तेच महिने, ज्यांसाठी कोकणची बाई बोटीत बसून माहेरी जात होती.

संघटित नोकरीतल्या बाईला आता २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. मालवणच्या बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या, सुकी मासळी वाळवणाऱ्या, दहापेक्षा कमी माणसांच्या काजू कारखान्यात गर सोलणाऱ्या बाईला ती नाही. पहिल्या बाळाच्या वेळी तिला सरकारी योजनेतून ५,००० रुपये मिळतात, हप्त्यांनी. काजू सोलण्याचे दिवस शिमग्यापासून पावसापर्यंत, मासळीचे त्यानंतर. बाळाला धाप लागण्याचे दिवस श्रावणापासून दसऱ्यापर्यंत. आणि त्याच दिवसांत समुद्र उघडतो, बाजार भरतो आणि तिला कामावर परतावं लागतं.